दिंडीची सवय आणि पिरेनीजचा उतार: एका परदेशी पदयात्रेच्या तयारीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोथरूडमध्ये राहणाऱ्या एका निवृत्त दांपत्याचे आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि मी त्यांना चिकित्सालयात जे म्हणत आले आहे तेच, म्हणजे काकू आणि काका, इथेही म्हणणार आहे. काकू एकसष्ट वर्षांच्या आहेत, काका पासष्टचे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. उजव्या गुडघ्याच्या दुखण्यासाठी काकू माझ्याकडे तीन वर्षे येत होत्या. एक्स-रेमध्ये झीज दिसत होती, पण ती सुरुवातीच्या टप्प्यातली होती, आणि रक्तदाबाची एक गोळी सोडली तर त्यांची प्रकृती ठणठणीत होती.

दोघेही माळकरी. माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर अशी पायी वारी त्यांनी नऊ वेळा केली होती. एका दिवाळीत त्यांच्या परदेशस्थ मुलाने त्यांना स्पेनमधल्या सांतियागोच्या वाटेबद्दल सांगितले आणि ती कल्पना दोघांच्या मनाने घेतली. येशूच्या बारा शिष्यांपैकी सेंट जेम्स यांची समाधी सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या कॅथेड्रलमध्ये आहे अशी श्रद्धा असून मध्ययुगापासून युरोपभरातून लोक तिथे चालत जातात. या वाटांपैकी सर्वांत प्रसिद्ध असलेली ‘कामिनो फ्रांसेस’ फ्रान्समधल्या सँ-ज्याँ-पिए-द-पोर या गावातून निघते, पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये उतरते आणि सुमारे ७८० किलोमीटर पश्चिमेकडे जाते. १९९३ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. वाटेवरचे पिवळे बाण ही तिची खूण आहे. ओ सेब्रेइरो या डोंगरी गावचे धर्मगुरू एलिआस वालिन्या यांनी ते १९८० च्या दशकात स्वतः रंगवायला सुरुवात केली. वाटेवर यात्रेकरूंसाठी ‘अल्बेर्गे’ नावाच्या धर्मशाळा आहेत. तिथे यात्रेकरूचे ओळखपुस्तक दाखवून एका रात्रीची जागा मिळते आणि त्या पुस्तकावर शिक्का मारला जातो. शेवटचे किमान १०० किलोमीटर पायी चालल्याचे शिक्क्यांवरून दिसले, की सांतियागोत ‘कोंपोस्तेला’ हे लॅटिन भाषेतले प्रमाणपत्र देतात.

“वारी झेपते, मग हीही झेपेल,” असे काका पहिल्याच भेटीत म्हणाले. मलाही ते तेव्हा पटले होते.

अडचणीचे स्वरूप

वारी आणि कामिनो यांत चालणे सारखे आहे, बाकी फार थोडे सारखे आहे. वारीत दिंडी असते. सामान ट्रकमधून पुढे जाते, तंबू पडलेले असतात, दुपारचे आणि रात्रीचे जेवण पंगतीत मिळते आणि कुठे थांबायचे, किती वाजता निघायचे हे पालखीच्या वेळापत्रकाने ठरलेले असते. सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर जवळजवळ तीन आठवड्यांत तोडले जाते. कामिनोवर बहुतेक लोक त्याच्या तिप्पट अंतर पाच आठवड्यांत तोडतात, स्वतःचे ओझे स्वतःच्या पाठीवर घेऊन, आणि रोज सकाळी किती चालायचे, कुठे थांबायचे हा निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. भाषेची अडचण आणि जेवणाचा प्रश्न यांची काकूंना फार काळजी होती. प्रत्यक्षात त्या दोन्ही गोष्टी सुटल्या: ‘मांस नको’ असे सांगून भागत नाही, हॅम वेगळे नाकारावे लागते, एवढे कळल्यावर पाव, चीज, चणे, बटाटे आणि फळांवर त्यांचे नीट चालले. खरी अडचण पाठीवरच्या ओझ्याची, उताराची आणि निर्णयाच्या सवयीची होती.

दुसरी अडचण कागदपत्रांतून आली. युरोपातल्या अनेक देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन विसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि राहण्याच्या व्यवस्थेचा पुरावा द्यावा लागतो. यात्रा फ्रान्समध्ये सुरू होत असली तरी बहुतेक मुक्काम स्पेनमध्ये असल्यामुळे अर्ज स्पेनकडे करायचा, हे त्यांना वेळेवर कळले. मात्र अनेक सार्वजनिक अल्बेर्गेंमध्ये आगाऊ जागा धरता येत नाही, तिथे जो आधी पोहोचेल त्याला जागा मिळते. त्यामुळे एजंटाने मार्गदर्शक पुस्तकांत रूढ असलेले तेहेतीस टप्पे जसेच्या तसे उचलले, प्रत्येक टप्प्याला रद्द करता येण्याजोगे खासगी आरक्षण केले आणि एकूण अडतीस दिवसांचा तक्ता तयार करून दिला. विसा तेवढ्याच मुक्कामाचा मिळाला. काकांनी तो तक्ता लॅमिनेट करून घेतला. चालण्याच्या पहिल्याच दिवशी पिरेनीज ओलांडून रोंसेस्वायेस या गावी उतरायचे होते; सप्टेंबरच्या त्या तारखेसमोर त्यात लिहिले होते: ‘रोंसेस्वायेस, २५ किमी’. हा कागद पुढे किती महत्त्वाचा ठरणार आहे याची त्या वेळी मला कल्पना आली नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय फक्त शेवटचा भाग चालण्याचा होता. सारिया या गावापासून सांतियागो सुमारे ११५ किलोमीटर आहे, आठवडाभरात होते आणि प्रमाणपत्रही मिळते. मी वैद्यकीय दृष्टीने याच बाजूची होते. काकांना हे मान्य नव्हते, कारण आळंदीला प्रस्थान न करता वाखरीत सामील होण्यासारखे ते त्यांना वाटत होते. दुसरा पर्याय पूर्ण वाट चालायची, पण सामान रोज गाडीने पुढे पाठवायचे, हा होता. अशी सेवा टप्प्यामागे साधारण पाच ते सात युरोंत मिळते. तीर्थयात्रेला हे शोभत नाही म्हणून काकूंनीच तो बाजूला ठेवला. वारीत आपले सामान नऊ वर्षे ट्रकनेच जात होते ही गोष्ट त्या क्षणी आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आली नाही. तिसरा पर्याय, म्हणजे पूर्ण वाट, पाठीवर ओझे, हाच ठरला.

हंगामाबाबत मात्र निर्णय विचारपूर्वक झाला. पिरेनीजवरची उंच वाट १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये बुर्गोस ते लेओनमधल्या पठारावर ऊन फार असते. म्हणून सप्टेंबर निवडला. त्यामुळे जूनच्या वारीचा सराव म्हणून उपयोग होणार होता.

तयारीचे आठ महिने

जानेवारीपासून आठवड्यातून तीन दिवस पर्वती, दोन दिवस वेताळ टेकडी आणि रविवारी सिंहगड असा क्रम ठेवला. आतकरवाडीच्या बाजूने गड चढायचा, पाठीवर आधी तीन, मग सहा किलो. काकूंचा दम आणि मांड्यांची ताकद मार्चपर्यंत स्पष्टपणे वाढली. त्या अकरा वेळा सिंहगड चढल्या.

मात्र त्या एकदाही गड उतरल्या नाहीत. हा सल्ला माझा होता. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तो लांबत लांबत शरीराचा भार रोखून धरतो आणि त्यामुळे गुडघ्याच्या वाटीवर दाब वाढतो. झीज असलेल्या गुडघ्याला हा दाब नको म्हणून मी त्यांना वरून जीपने खाली यायला सांगितले होते. त्यामागचे तर्कशास्त्र चिकित्सालयापुरते बरोबर होते. पण ज्या बाईला पिरेनीज उतरायचा आहे तिच्या बाबतीत उताराचा सराव टाळणे म्हणजे गुडघ्याला त्याच कामासाठी अप्रशिक्षित ठेवणे होते. हळूहळू वाढवत नेलेला उतार, दोन काठ्यांच्या आधाराने, पावले आखूड ठेवून, हा सराव त्या आठ महिन्यांत सहज बसला असता.

ओझ्याचा हिशेब आम्ही बऱ्यापैकी केला. पाणी धरून पाठीवरचे वजन शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असावे असा सर्वसाधारण संकेत आहे. काकूंसाठी ते सहा किलो होते. मे महिन्यात त्यांनी पहिल्यांदा पूर्ण पिशवी भरली आणि सोसायटीत आलेल्या रद्दीवाल्याच्या काट्याला अडकवली, तेव्हा काटा अकरा किलोंच्या पुढे गेला. मग जमिनीवर सतरंजी घालून एकेक वस्तू बाहेर काढली. स्टीलचा डबा, दोन जादा पंजाबी ड्रेस, थालिपिठाची भाजणी, तुपातले लाडू (दूध-तुपाचे पदार्थ प्रवाशांना युरोपीय संघात नेता येत नाहीत, त्यामुळे ते तसेही जाणार नव्हते), शाल. मेतकुटाची एक लहान पुडी आणि हरिपाठाची पोथी राहिली. पितळी टाळ त्यांनी सर्वांत शेवटी काढले. हातात घेऊन त्यांचा दोर एकदा नीट गुंडाळला आणि कपाटात ठेवले. पिशवी सात किलोंवर आली.

वारीच्या वेळी मी एक चाचणी सुचवली होती. पुणे ते सासवड हा तीस किलोमीटरच्या पुढचा, दिवे घाटाचा टप्पा त्यांनी पूर्ण ओझ्यासह, यात्रेला नेणार होते त्याच बुटांत चालायचा. बुटांच्या बाबतीत चाचणीचे चीज झाले. लांब चालण्यात पाय सुजतात, आणि काकूंच्या करंगळीला वडकी गावापर्यंत मोठा फोड आला. त्यांनी पुण्यात परतल्यावर एक माप मोठे, हलके बूट घेतले आणि ते दहा आठवडे वापरून सैल केले. ओझ्याच्या बाबतीत मात्र वेगळे घडले. हडपसरला दिंडीतले एक बुवा म्हणाले, “माउली, पाठीवर कशाला वागवताय? ट्रकात टाका की.” काकूंनी पिशवी ट्रकात टाकली. त्यांनी मला हे पंढरपूरहून आल्यावर प्रामाणिकपणे सांगितले आणि मी “हरकत नाही” म्हणाले. हरकत होती. पाठीवर ओझे घेऊन सलग तीन दिवस वीस-वीस किलोमीटर चालणे हा एकमेव सराव आम्हाला हवा होता आणि निघेपर्यंत तो एकदाही झाला नाही.

प्रस्थान आणि पहिले तीन दिवस

मुंबईहून पॅरिस, तिथून रेल्वेने बायोन आणि पुढे लहान गाडीने सँ-ज्याँ, असा घरापासून जवळजवळ तीस तासांचा प्रवास करून दोघे दुपारी पोहोचले. यात्रेकरूंच्या कार्यालयात ओळखपुस्तक घेताना तिथल्या स्वयंसेविकेने दुसऱ्या दिवशी वर धुके आणि पाऊस संभवतो असे सांगून वाल्कार्लोसची खालची वाट सुचवली. ही वाट दरीतून जाते, मध्ये वाल्कार्लोस गावात मुक्काम करून दोन दिवसांत करता येते आणि रोंसेस्वायेसलाच पोहोचते. वरच्या वाटेवर सुमारे आठ किलोमीटरवर ओरिसाँचे आश्रयस्थान आहे. तिथे थांबूनही पहिला दिवस मोडता येतो, पण तिथल्या जागा खूप आधी भरतात आणि त्या रात्रीची जागा शिल्लक नव्हती.

पुण्यात साडेअकरा वाजले होते तेव्हा काकूंचा फोन आला. “अगं, त्या बाई खालच्या वाटेनं जा म्हणतायत. तुझे काका म्हणतात तक्त्यात उद्या रोंसेस्वायेस आहे, पैसे भरलेत.” मी म्हणाले, “काकू, सकाळी हवा बघा आणि ठरवा.” हे उत्तर सावध होते आणि निरुपयोगी होते. प्रश्न हवेचा नव्हता. एकसष्ट वर्षांच्या, तीस तास प्रवास केलेल्या, पूर्ण ओझ्याने कधीही दिवसभर न चाललेल्या बाईने पहिल्याच दिवशी सुमारे १७० मीटर उंचीवरून १,४३० मीटरपर्यंत चढून पुन्हा ९५० मीटरपर्यंत उतरावे का, हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मला त्याच क्षणी माहीत होते.

सकाळी आभाळ मोकळे झाले. साडेसातला निघून ते दुपारी चारला लेपोएदेरच्या खिंडीत पोहोचले. चढ काकूंनी उत्तम काढला. त्या वाटेवर हरिपाठ म्हणत होत्या असे काका सांगतात. खिंडीपासून खाली दोन वाटा फुटतात. बीचच्या जंगलातून जाणारी वाट सरळ आणि तीव्र उताराची आहे, तर इबान्येताच्या बाजूने जाणारी थोडी लांब पण सौम्य आहे. पुढचे सगळे जंगलाच्या बाजूला वळलेले पाहून हेही वळले. सव्वासहाला मुक्कामी पोहोचल्या तेव्हा काकूंचा उजवा गुडघा सुजला होता. दुसऱ्या दिवशी सुबिरीच्या आधीचा खडकाळ उतार त्या जवळपास आडव्या होऊन, एकेक पाऊल टाकत उतरल्या. तिसऱ्या दिवशी पाम्प्लोना गाठले आणि तिथे पायरी चढणेही अशक्य झाले.

पाम्प्लोनातील निर्णय

विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर आधी फोन करून मगच दवाखान्यात जायचे, हे निघण्यापूर्वी ठरवून ठेवले होते; त्यामुळे तिथला खर्च अडला नाही. अस्थिबंध शाबूत होते. काकूंनी रक्तदाबाच्या गोळीचे औषधी नाव लिहिलेली चिठ्ठी दाखवली, म्हणून डॉक्टरांनी तोंडाने घ्यायची वेदनाशामके टाळून लावायचे मलम आणि विश्रांती दिली. सूज कमी करणारी बरीच वेदनाशामके रक्तदाब वाढवतात. हे लहानसे पान त्यांच्या सामानातली सर्वांत उपयोगी वस्तू ठरली.

चार रात्री थांबल्यावर चार वाटा समोर होत्या: परत येणे, तक्ता पुन्हा धरून पुढे जाणे, थेट सारियाला जाणे, किंवा वाट मध्येच तोडून सोसेल तेवढे चालणे. तक्ता धरणे मी या वेळी स्पष्ट नाकारले. काकांच्या मनात वाट मोडण्याचे शल्य होते. गाडीत बसलो तर यात्रा बाटली, असे ते फोनवर म्हणाले. त्यांना पटवले ते काकूंनी. त्यांचे म्हणणे असे, की आपल्या दिंडीत लोणंदला येणारे असतात, वाखरीला येणारे असतात, पुण्यातून फक्त सासवडपर्यंत येणारे असतात. पांडुरंग त्यांना परत पाठवतो का? माझ्या वैद्यकीय युक्तिवादाने जे झाले नसते ते या वाक्याने झाले.

मग कुठला भाग सोडायचा यावर आम्ही तासभर बोललो. वेळ कमी असलेले बरेच यात्रेकरू बुर्गोस ते लेओनचे पठार सोडतात, कारण ते सपाट, रूक्ष आणि एकसुरी वाटते. काकूंच्या गुडघ्याला मात्र सपाटच हवे होते. म्हणून उलट केले: पाम्प्लोना ते बुर्गोस बसने, बुर्गोस ते लेओन हे सुमारे १८० किलोमीटर पायी, लेओनपुढचे डोंगर पुन्हा बसने टाळून सारियापासून शेवटचा भाग पायी. दोघांचे जड सामान एका पिशवीत भरून ती रोज पुढच्या मुक्कामी पाठवायची आणि पाठीवर फक्त पाणी, औषधे, रेनकोट ठेवायचा. पिशवी पोहोचती करण्यासाठी मुक्काम आदल्या दिवशी नक्की असावा लागतो आणि काही अल्बेर्गे अशा पिशव्या घेत नाहीत; काका रोज संध्याकाळी हे फोन करू लागले.

फलित

पठार त्यांनी बारा दिवसांत, रोज सरासरी पंधरा किलोमीटर चालून पार केले. कारियोन गावानंतर सुमारे सतरा किलोमीटर एकही वस्ती नाही. त्या दिवशी ते अंधारातच निघाले, प्रत्येकी दोन लिटर पाणी घेऊन. काकूंना तो मुलूख माळशिरसच्या पुढच्या माळासारखा वाटला आणि संपूर्ण यात्रेत तोच भाग त्यांना सर्वांत आवडला. सारियापासून रोज दोन शिक्के घेत आठ दिवसांत ते सांतियागोला पोहोचले. प्रमाणपत्राच्या कार्यालयात यात्रेचा हेतू विचारतात. काकूंनी ‘आध्यात्मिक’ असे सांगितले आणि दोघांनाही कोंपोस्तेला मिळाले. एकूण चाल सुमारे ३६० किलोमीटर झाली. विसाचे काही दिवस शिल्लक असतानाच ते परतले. गुडघ्याची सूज पुन्हा आली नाही आणि परतल्यानंतर सहा आठवड्यांनी तपासणीत गुडघ्याची स्थिती जानेवारीसारखीच होती.

वेगळे काय करता आले असते

बूट, विमा, औषधांची चिठ्ठी आणि हंगाम या बाबतींत मी आजही तेच सांगेन. बदल मुख्यतः तक्त्यात आणि सरावात हवा होता. विसासाठी दिलेला कार्यक्रम आपणच तयार करतो. तेहेतीस टप्प्यांऐवजी पंचेचाळीस टप्पे आणि दर आठवड्याला एक विश्रांतीचा दिवस मांडला असता, तर शेंगेन विसाच्या नियमातल्या नव्वद दिवसांच्या मर्यादेत तो आरामात बसला असता आणि काकांच्या खिशातल्या कागदाने त्यांना ढकलले नसते. त्यांच्यासारख्या आयुष्यभर वेळेवर काम केलेल्या माणसाला लिहिलेली तारीख मोडणे किती जड जाते, हे मी आधी ओळखायला हवे होते.

सरावात मी आता तीन गोष्टी निघण्यापूर्वी पूर्ण झाल्याच पाहिजेत असे धरते: पूर्ण ओझ्यासह सलग तीन दिवसांची चाल, सिंहगड किमान आठ वेळा पायी उतरणे, आणि त्यातले एकदा पावसात. सामान गाडीने पाठवण्याचा पर्याय मी पहिल्याच बैठकीत मांडते आणि दिंडीच्या ट्रकची आठवण करून देते.

गेल्या महिन्यात काकूंच्याच ओळखीने सहकारनगरचे एक जोडपे माझ्याकडे आले. त्यांच्या कार्यक्रमात सँ-ज्याँला दोन रात्री, मग वाल्कार्लोस, मग रोंसेस्वायेस आणि तिथे पुन्हा अर्धा दिवस विश्रांती असे पहिले चार दिवस आम्ही लिहिले आहेत. रविवारी ते आतकरवाडीने चढतात आणि आतकरवाडीनेच उतरतात. त्यांच्याबरोबर काकू असतात, हातात दोन काठ्या घेऊन.